खुलासा : ॲक्टियमच्या लढाईबद्दलचा तो मेसेज

‘ॲक्टियमच्या समुद्रात क्लिओपात्रा घाबरून पळाली आणि अँटनीने तिथेच जीव दिला’ हा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. चूक माझीच.

ग्रीसच्या किनाऱ्याजवळ ही लढाई झाली इ.स.पू. ३१च्या २ सप्टेंबरला. एका बाजूला रोमन सेनानी अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा, दुसऱ्या बाजूला अँटनीचा रोमन प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन. अँटनी मेला पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. क्लिओपात्राही त्यानंतर काही दिवसांनी तिथेच.

आता ‘घाबरून पळाली’चं. त्या काळी लढाईला निघताना जहाजांची शिडं किनाऱ्यावरच ठेवत, वजन नको म्हणून. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, की अँटनीने ती मुद्दाम सोबत घ्यायला लावली. रोमन इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो, की खजिना रात्रीच गुपचूप जहाजांवर चढवला होता. ऑक्टेव्हियनचा सेनापती अग्रिप्पा, त्याच्या आरमाराने अँटनीची रसद तोडलेली, छावणीत रोगराई. म्हणजे कोंडी फोडून निसटायचं आधीच ठरलं असावं; बहुतेक अभ्यासक आज असंच मानतात. क्लिओपात्राची ६० जहाजं वारा मिळताच निघाली, मागोमाग अँटनी. बाकीचं आरमार मात्र अडकलं. भित्र्या राणीची गोष्ट जिंकलेल्या ऑक्टेव्हियनच्या सोयीचीच होती म्हणा!

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर डिलीट करा.