१२,४०० भागिले ९०० : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमानप्रवासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "अंतर १२,४०० किलोमीटर, वेग ताशी ९००. शाळकरी पोरगंही पावणेचौदा तास सांगेल. तुम्ही सोळा लिहिता. आधी भागाकार शिका."

भागाकार तुमचा बिनचूक आहे. गडबड आहे ती भाज्य आणि भाजक या दोघांतच.

आधी भाज्य. १२,४०० हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून येणारं अंतर. घरात गोल असेल तर करून बघाच. दोरा दिल्लीहून जवळजवळ थेट उत्तरेला निघतो, तिबेटच्या पश्चिम टोकावरून सैबेरियात शिरतो, आर्क्टिक महासागर ओलांडून अलास्कावरून खाली उतरतो. विमान मात्र दोरा धरून चालत नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला झटपट सुमारे ३,००० मीटरवर यावं लागतं, आणि तिबेटच्या पठारावर जमीनच साडेचार हजार मीटरवर! मग वाट वाकडी होते. कुठे एखाद्या देशाचं आकाश बंद असतं, ते वेगळंच.

आता भाजक, आणि खरी मजा इथेच आहे. ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत. ती हवाच पळत असेल तर? साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे वाऱ्याला तोंड देत जायचं : सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं, आणि वेळ सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. भागून बघा, ताशी १,०५५ पडतात. इंजिनं तीच, पाठीशी वारा. तेव्हा "लांबची वाट आधी पोहोचते" हे माझं लेखातलं वाक्य तुम्हाला थट्टा वाटलं असलं, तरी ते अक्षरशः खरं आहे.

शिवाय माझे सोळा तास वेळापत्रकातले, आणि ते फक्त हवेतलेच नसतात. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू, पलीकडे जागेवर थांबलं की बंद. धावपट्टीपाशी रांगेत काढलेली वीस मिनिटंही त्यातच आली.

आता माझी चूक. लेखातल्या तक्त्यात याच मार्गासमोर "६,६८४ किमी" छापलं गेलंय, ते तुमच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. ते सागरी मैल आहेत; १.८५२ ने गुणलं की तुमचे १२,४०० जवळपास येतात. आज सकाळी दुरुस्त केलं.