लाखाच्या वर गेलेली गाडी आणि मामांना आलेली आठ गुपितं

मामांनी तो मेसेज पुढे पाठवला, तेव्हा खाली स्वतःची एक ओळ जोडली होती : "वाच. तू उगाच खर्चात पाडलंस." वडीलधाऱ्यांना लगेच उत्तर दिलं की आमच्याकडे आठवडाभर तोच विषय चालतो, म्हणून गप्प बसलो. पण काल तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि खाली पाच जणांनी "अतिशय उपयुक्त माहिती" असं लिहिलं. आता गप्प बसवत नाही.

मेसेज तुम्हालाही आला असेल. 'गाडी लाखाच्या वर गेली? तीस वर्षांचा अनुभवी मेकॅनिक सांगतो ते कंपनी कधीच सांगणार नाही!' मेकॅनिकचं नाव नाही, गाव नाही. खाली आठ मुद्दे. एक, लाख किलोमीटरनंतर इंजिनात जाड ऑइल घाला आणि तेही वीस हजार किलोमीटरनी बदला. दोन, थर्मोस्टॅट काढून टाका. तीन, कूलंट बंद करून साधं पाणी भरा. चार, टायमिंग बेल्ट तुटला तरच बदला. पाच, ब्रेक ऑइल बदलायचं नसतं, कमी झालं की वरून घालायचं. सहा, नक्षी दिसते तोवर टायर चांगला. सात, फ्लश (इंजिन आतून धुणं) आणि डिकार्बन (आतली काजळी काढणं) म्हणजे लूट. आठ, पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात काढणारच, तेव्हा तिच्यावर पैसे घालू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण ते दोन्ही मी खंबाटकीच्या घाटात उभं राहून पाहिले आहेत.

मामांची गाडी सँट्रो झिंग, २००९ ची, एक लाख चौतीस हजार फिरलेली. तीन वर्षांपूर्वी ती एकदा गरम झाली, तेव्हा घराजवळच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून हातात दिला आणि म्हणाला, "आपल्याकडं बर्फ पडतो का? मग इंजिन गरम ठेवायचं यंत्र कशाला?" मेसेजमध्येही हेच वाक्य थोड्या फरकाने आहे. कूलंटही गेलं. त्यानंतर अंगणातल्या बोअरचं पाणी.

मग हिवाळ्यात सकाळी काटा वर यायचाच नाही. मामा खूश, गाडी थंड चालते म्हणून. अॅव्हरेज पंधरावरून बारावर आलं, तर दोष पेट्रोलपंपाला. एकदा मी ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट, लोण्यासारखा थर. मामी म्हणाल्या, "हे ग्रीस कुणी लावलं?" ग्रीस कुणी लावलं नव्हतं. इंजिन पुरेसं तापत नव्हतं, त्यामुळे आत जमणारी पाण्याची वाफ उडून न जाता ऑइलमध्ये घुसळली जात होती.

थर्मोस्टॅटचा बाहेरच्या थंडीशी संबंध फार थोडा. इंजिनाला आतून नव्वद अंशांच्या आसपास राहायचं असतं, मग बाहेर महाबळेश्वरचा डिसेंबर असो की अकोल्याचा मे. थर्मोस्टॅट हा एक लहानसा व्हॉल्व. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर पोचलं (नेमका आकडा गाडीगणिक बदलतो) की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. त्याआधी बंद. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि इंजिन बराच वेळ अर्धवट तापलेलं राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला सेन्सर सांगतो 'इंजिन अजून थंड आहे', आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. ज्यांनी जुनी मारुती आठशे किंवा पद्मिनी चालवली आहे त्यांच्यासाठी : चोक ओढून सातारा ते पुणे. अॅव्हरेज बारावर का आलं, ते पेट्रोलपंपाला विचारण्याची गरज नाही.

आता पाणी. गेल्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढावर पुढे एक ट्रेलर बंद पडलेला, वाहतूक मुंगीच्या पावलांनी, आत एसी. तीन वर्षं वर न आलेला काटा वर गेला आणि खाली यायचं नाव घेईना. गाडी कडेला घेतली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मामा रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरने उडी मारून त्यांचं मनगट धरलं. "काका, तोंड भाजंल." अर्धा तास थांबून झाकण उघडलं तर आत चहाच्या रंगाचं पाणी.

झाकण हे साधं झाकण नसतं. कुकरच्या शिट्टीसारखं ते आत दाब धरून ठेवतं, आणि दाबाखालचं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, बरंच वर जाऊन उकळतं. कूलंटमधल्या ग्लायकॉलने ती मर्यादा आणखी वर जाते. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. ही नसली की काय होतं ते साताऱ्यात रेडिएटर खोलल्यावर दिसलं. आमच्याकडच्या गिझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर नळ्यांमध्ये बसलेला, अर्ध्याहून जास्त नळ्या बंद, आणि वॉटर पंपाची पाती गंजून कुरतडल्यासारखी. रेडिएटर, पंप, होस पाइप, कूलंट आणि मजुरी धरून साडेअकरा हजार. त्यात नवा थर्मोस्टॅट सहाशेचा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, वाचलं, ते नशीब. "खर्चात पाडलंस" म्हणतात तो हा खर्च.

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर गाडी उकळते, हे खरं. रात्री आडरस्त्याला तो काढून गाडी घरापर्यंत आणणारा मिस्त्री चुकीचा नाही. दुसऱ्या दिवशी नवा न बसवणारा चुकीचा. तसंच, कूलंट गळून गेलं आणि जवळ फक्त पाण्याची बाटली असेल तर पाणीच घालायचं, गाडी थंड झाल्यावर. आणि मग गॅरेज गाठायचं.

माझं म्हणणं कुणाच्या तीस वर्षांच्या अनुभवावर उभं नाही. मामांच्याच गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या जुन्या पावत्या आणि अंगाऱ्याच्या पुडीखाली, कंपनीचं मॅन्युअल होतं, पंधरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत बंद. त्यात स्वच्छ लिहिलं आहे : इंजिनात अॅल्युमिनियमचे भाग आहेत, म्हणून ग्लायकॉलचं कूलंट हवंच, त्याचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या खाली नको आणि ६० च्या वर नको, मिसळायचं पाणी मृदू हवं. बोअरचं नाही. 'कंपनी कधीच सांगणार नाही' म्हणे! कंपनीने छापून गाडीतच ठेवलं आहे.

त्याच मॅन्युअलमध्ये शेवटाकडे एक तक्ता असतो. आडव्या रांगेत किलोमीटर आणि महिने, उभ्या रांगेत वस्तू, आणि चौकटीत आय किंवा आर. आय म्हणजे तपासा, आर म्हणजे बदला. जुन्या गाडीचं निम्मं गणित या दोन अक्षरांत आहे. गॅरेजवाला 'आय'चा 'आर' करतो आणि हा मेसेज 'आर'चं 'काहीच नको' करतो, एवढाच दोघांत फरक. तक्त्याखाली आणखी एक यादी असते, खडतर वापराची : पुन्हा पुन्हा छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, ३२ अंशांवरच्या उन्हात शहरातल्या गर्दीत जास्त चालणं. यात बसणाऱ्या गाडीला काही कामं लवकर करायची असतात. ३२ अंश म्हणजे आपल्याकडचा फेब्रुवारी. मामांची गाडी मंडई आणि बँक एवढंच फिरते आणि ते तिला 'अगदी कमी वापर' म्हणतात. मॅन्युअल तिला खडतर म्हणतं.

आता पहिला मुद्दा, ऑइल. सँट्रोसारख्या जुन्या इंजिनाच्या तक्त्यात हवामानानुसार एकाहून अधिक ग्रेड दिलेल्या असतात, त्यात जाडही आहे. म्हणजे मामांपुरता अर्धा मुद्दा खरा निघाला आणि ते मला हे वर्षभर ऐकवणार. पण सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांनी अंगठे दिले त्यांतल्या निम्म्यांकडे अलीकडच्या मारुती आहेत. त्यातल्या अनेक पेट्रोल इंजिनांना शून्य-डब्ल्यू-वीस किंवा पाच-डब्ल्यू-तीस असं पातळ ऑइल लागतं, कारण आतल्या वाटाच तेवढ्या बारीक. त्यात वीस-डब्ल्यू-पन्नाससारखं जाड ऑइल ओतलं की सकाळी स्टार्ट केल्यावर ते वर पोचेपर्यंत इंजिन कोरडं घासतं. ऑइल जळत असेल, दर हजार किलोमीटरला डिपस्टिकवरची ऑइलची पातळी खाली जात असेल, तर मॅन्युअलच्या मर्यादेत एक पायरी जाड घालून बघा. ओडोमीटरवर सहावा आकडा आला म्हणून नको. आणि वीस हजारांनी? मामा वर्षाला पाच हजार चालवतात. म्हणजे चार वर्षं तेच ऑइल. तक्त्यात दहा हजार किंवा एक वर्ष आहे, जे आधी येईल ते.

टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व यांची वेळ जुळवणारा पट्टा. त्याबद्दलचं वाक्य ज्याने लिहिलं त्याने तुटलेला बेल्ट पाहिलेला नाही. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो आणि व्हॉल्व वाकतात. मग हेड खोला, व्हॉल्व बदला, आणि बेल्टच्या कितीतरी पट बिल भरा. बेल्ट रबराचा असतो, उभ्या गाडीतही म्हातारा होतो. मात्र घाबरून सगळ्यांनी गॅरेजकडे धावू नका. स्विफ्ट, वॅगन आर यांच्या के-सिरीज इंजिनांत बेल्ट नसून चेन असते आणि ती ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते. सकाळी खडखडली तर दाखवा. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आधी विचारा. मागच्या महिन्यात शेजारच्या काकांना चेनवाल्या गाडीसाठी 'टायमिंग बेल्ट किट'चं कोटेशन आलं होतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलची उकळण्याची किमान मर्यादा २०५ अंश, ओलावा धरल्यावरची १४०. पसरणी घाट उतरताना ब्रेक तापून आत वाफ झाली की पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. आणि पातळी कमी झाली की वरून घालण्याआधी ब्रेकपॅड बघा. पॅड झिजले की पातळी उतरते.

टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूला असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. मामांच्या स्टेपनीवर ११०९ होतं. नक्षी अगदी कोरी, कारण तो टायर रस्त्यावर उतरलाच नव्हता, आणि बाजूने नखाएवढ्या भेगा. नक्षी दिसते म्हणून तो चांगला?

सातवा मुद्दा मात्र मी त्या अज्ञात मेकॅनिकला देऊन टाकतो. दर सर्व्हिसला इंजिन फ्लश, डिकार्बन, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टायरमध्ये नायट्रोजन... हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजन असतो. तक्त्यात यातलं काही नाही. गाडीला पुढून आवाज येतो म्हणून मामांना एका ठिकाणी पुढचं अख्खं सस्पेन्शन बदलायला सांगितलं होतं, बावीस हजार. आम्ही गाडी दुसरीकडे नेऊन जॅकवर चढवली, चाक हाताने हलवून पाहिलं. डावा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला एक लहान दांडा, सैल. शॉकअप कोरडे, बुश ठीक. बावीस हजारांतलं काम एका लिंक रॉडचं.

आठवा मुद्दा दिल्लीचा आहे. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आजूबाजूच्या भागापुरती लागू झालेली, राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांतून आलेली. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली, त्याबद्दल हवी तेवढी बोंब मारा. मामांनी स्वतः रांगेत उभं राहून सँट्रोचं आरसी वाढवून आणलं आहे. तरी मेसेज पुढे पाठवला.

हे सगळं त्यांना फोनवर सांगितलं. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पाणी काय ते कळलं. पण त्या लिंक रॉडचं राहू दे, मला तो आवाज येत नाही."

शेजारून मामींचा आवाज आला, "मला येतो."