जुन्या गाडीच्या पीपीआयचे पैसे परत मागताय? एवढी काय घाई!

यूकेत गाडी फायनान्सवर घेतलेल्या तमाम मराठी मंडळींनो, तुमचं मन फार मोठं. शोरूममधला टायवाला गोड पोरगा म्हणाला सर, जॉब गेला तर हप्ते हा पीपीआय नावाचा इन्शुरन्स भरेल, आणि चौकटीत टिक आधीच कुणी मारून ठेवली हे तुम्ही विचारलं पण नाही. विचारायचं नसतंच. बाहेर पाऊस, बायको गाडीचा कलर बघतेय, कुठे ती पानं वाचत बसता.

माझंच बघा. २००८ ची गोष्ट, ५ हजार पाउंडची सेकंडहँड गाडी आणि वर ९०० चा पीपीआय. बरं ते ९०० रोख नाही घेतले हं, लोनमध्येच घातले आणि चार वर्षं त्यावर पण व्याज लावलं, म्हणजे इन्शुरन्स घ्यायला मी त्यांच्याकडूनच कर्ज काढलं, असलं डोकं आपल्याकडच्या सावकारालाही सुचलं नसतं. त्यात मी तेव्हा कॉन्ट्रॅक्टर. आणि पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलं की पर्मनंट नोकरी नसेल तर काम गेल्याचा क्लेम मिळणार नाही. नारळ विकला, फोडायचा नाही एवढीच अट.

तर आता सल्ला. कंपनीला स्वतः पत्र अजिबात लिहू नका, ते फुकटात होतं. त्यांनी आठ आठवड्यांत धड उत्तर दिलं नाही तर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं, तेही फुकट, म्हणजे त्यात काय राम? त्यापेक्षा ऐन जेवणाच्या वेळी फोन करणारी क्लेम कंपनी धरा, ती तेच पत्र लिहून तुमच्या पैशातला वाटा घेते. २०१८ मध्ये त्या वाट्यावर २० टक्के अधिक व्हॅट अशी मर्यादा आली, बिचाऱ्यांच्या पोटावर पायच.

आणि मुख्य म्हणजे थांबा. एफसीएने, म्हणजे यूकेत कर्ज-इन्शुरन्स कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने, पीपीआयच्या तक्रारींना शेवटची तारीख दिली २९ ऑगस्ट २०१९, आधी दोन वर्षं अर्नोल्ड श्वार्झनेगरचं रबरी मुंडकं जाहिरातीत ओरडत होतं की ठरवा एकदाचं, लोकांनी ३८ अब्ज पाउंडच्या वर परत नेले, आणि मी? मी म्हटलं बघू, बँक हॉलिडेला लॉफ्ट आवरू तेव्हा कागद शोधू. कागद सापडला, आकाशकंदिलाच्या खोक्याखाली, करार नंबर अगदी ठळक. तारीख ३० ऑगस्ट.

आता गाडीच्या लोनवरच्या कमिशनचं निघालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका गिऱ्हाइकाचा करार अन्यायकारक ठरवला, का तर लोनच्या एकूण खर्चातला ५५ टक्के वाटा डीलरचं कमिशन होतं आणि त्याला धड सांगितलंच नव्हतं. एफसीएची भरपाई योजना एप्रिल २००७ पासूनचे करार धरते म्हणे. माझा २००८ चा, तारखेत तरी बसतोय.

फक्त तो कागद मी त्या ३० ऑगस्टलाच चिडून टराटरा फाडला आणि रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकला.