स्वयंपाकीणबाईकडे किल्ली होती

परवा सांगलीत भावे नाट्यमंदिराबाहेर एक जुने मित्र भेटले. म्हणाले, "काय रे, ते तुमचं लुटुपुटीचं नाटक चाललंय का अजून? एकदा येतो बघायला."

बघायला! गेली तीन वर्षं मी ज्या दुखण्याशी झटतोय ते त्यांनी एका शब्दात सांगून टाकलं. लार्प बघता येत नाही हो. तिथं बघणारा म्हणून बसायला खुर्चीच नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लार्प म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल प्ले. प्रत्येकाला एक पात्र मिळतं, त्याची गरज, त्याचं गुपित मिळतं, आणि मग चार-पाच तास त्या पात्रात राहून वागायचं. संवाद लिहिलेले नसतात, शेवट ठरलेला नसतो. १९७७ साली अमेरिकेत डॅगोरहिर नावाचा लढाईचा खेळ सुरू झाला, १९८२ साली इंग्लंडमधल्या पेकफर्टन किल्ल्यात लोक ट्रेझर ट्रॅप नावाचा खेळ खेळायला लागले, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरलाय. पोलंडमधल्या एका किल्ल्यात तर २०१४ साली जादूगारांचं अख्खं कॉलेज भरलं. किल्ल्याचं नाव चोखा. मला आधी चोखोबाच आठवले.

आता सांगलीला हे जड जायचं कारण नव्हतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा नटांच्या हातात लिहिलेले संवाद कुठं होते? सूत्रधार पदं म्हणायचा, आणि पात्रं प्रसंग ओळखून आयत्या वेळी भाषणं करायची. राक्षस अललडुर्र करत यायचे. म्हणजे आपल्या रंगभूमीची सुरुवातच आयत्या वेळच्या बोलण्यावर झाली. पण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत आपण फक्त दोनच गोष्टी शिकलो, खुर्चीत बसून बघायचं किंवा उजेडात उभं राहून दाखवायचं. खेळायचं विसरलो.

आमच्या लार्पच्या गटाचा पहिला खेळ १९४३ सालातला होता. गाव काल्पनिक, पण तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या वाळवा-तासगाव पट्ट्यातलं. प्रतिसरकारचा काळ, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारचा. रात्री न्यायदान मंडळ बसणार, सावकारानं हडपलेल्या जमिनीचा निवाडा होणार, वाड्यात एक फरारी लपलेला, आणि जमलेल्यांत कुणीतरी एक खबऱ्या. हरिपूरच्या वाटेवर एका मित्राच्या मामांचा पडका वाडा मिळाला होता. मी चाळीस पानं लिहिली. रात्र-रात्र जागून. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बी. कॉम.ला केला असता तर.

नावं आली बावीस. प्रत्यक्ष आले पंधरा.

आणि त्या पंधरांत काय झालं? सावकार, पंच, फरारी ही मोठी पात्रं मी 'ज्यांना अभिनय येतो' त्यांना दिली होती. राज्य नाट्य स्पर्धेत मुरलेले एक काका सावकार होते. निवाड्याच्या वेळी उठले, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड केलं आणि अकरा मिनिटं स्वगत म्हटलं. सुंदर म्हटलं, खोटं कशाला बोलू. पण बाकीचे चौदा जण हाताची घडी घालून बसले आणि शेवटी कुणीतरी टाळी वाजवली. ती टाळी पडली आणि खेळ मेला. पुढचे दोन तास लोक मोबाईल बघत होते. १९४३ साली.

बरेच दिवस मी काकांना दोष देत होतो. मग एकदा माझीच चाळीस पानं परत वाचली. त्यात 'गावकरी १', 'गावकरी २', 'गावकरी ३' असं लिहिलेलं सापडलं. विट्याहून एसटीनं दोन तास हादरे खात माणूस येणार आणि मी त्याला 'गावकरी ३' करणार! तो का येईल? आला तर प्रेक्षक होईल नाहीतर काय? काकांनी भिंतीकडे तोंड केलं, पण प्रेक्षागृह मी बांधून ठेवलं होतं.

दुसऱ्या खेळाला मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. म्हणाल्या, "मला बोलायला काही देऊ नका हं, मी नुसती असेन." म्हणून वाड्याची स्वयंपाकीण केलं. आणि जाता-जाता, फार विचार न करता, कोठीच्या खोलीची किल्ली त्यांच्या कनवटीला दिली. त्याच खोलीत फरारी होता. तासाभरात सगळ्या वाड्याला कळून चुकलं की काहीही करायचं तर बाईंना विचारल्याशिवाय होत नाही. फरारीचे साथीदार पाणी भरायला लागले. खबऱ्या चुलीपाशी घुटमळायला लागला. सावकार, तेच आपले काका, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होते आणि हळूच विचारत होते, "बाई, आज ताटं किती वाढणार?" बाई पाच तासांत वीसेक वाक्यं बोलल्या असतील. पण त्या रात्री सगळ्यात जास्त खेळलं कोण, तर त्या.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय. कोण किती बोललं यावर सहभाग मोजू नका. तुझ्यावाचून कुणाचं अडतं का, एवढंच बघा. आता मी पात्र लिहिताना निदान दोन माणसं अशी जोडतो ज्यांचं याच्याशिवाय पान हलणार नाही. 'गावकरी' हा शब्द आमच्या कागदांतून हद्दपार केलाय.

याचा एक तोटा आहे, तोही सांगतो. नाटकात मागच्या रांगेतला भालदार आला नाही तर कुणाला पत्ता लागत नाही. इथं एक जण गळला की दोघा-तिघांचा खेळ लंगडतो. 'सर, पाहुणे आलेत' असा मेसेज सकाळी नऊ वाजता आला की पोटात गोळा येतो. गटातले काही म्हणतात आगाऊ फी वाढवा, दोनशेची पाचशे करा. मला नाही पटत. पाचशे बुडाले तर माणूस चुटपुटेल, पण येईलच असं नाही. आणि कॉलेजची पोरं मात्र आधीच गळतील. त्यापेक्षा आम्ही आठवडाभर आधी फोन करायला लावतो. मी नाही करत. ज्याचं अडणार आहे तो करतो. "मी तुमचा धाकटा भाऊ, जमिनीचे कागद तुमच्याकडे आहेत, येताय ना?" असं विचारलं की माणूस पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावतो. तिसऱ्या खेळाला अठरांतले सोळा आले.

अजून एक. नॉर्वे-स्वीडनकडचे लोक १९९७ पासून क्नुटेपुंक्ट नावाच्या संमेलनात दरवर्षी या विषयावर डोकेफोड करतात. 'कट' म्हटलं की खेळ जागच्या जागी थांबतो, 'ब्रेक' म्हटलं की समोरच्यानं जरा सबुरीनं घ्यायचं, हे नियम तिकडचेच. आम्हाला वाटलं, आपल्याला कशाला लागतंय? पण आपला विषय प्रतिसरकारचा. खबऱ्यांच्या तळपायाला पत्र्या ठोकण्याच्या गोष्टी इथं घराघरांत सांगतात. खऱ्या माणसाचं नाव खेळात घ्यायचं नाही आणि शिक्षा अंगाला हात न लावता, हे आम्ही ठरवलंच होतं. तरी एका पोरानं निवाड्याच्या मध्येच 'कट' म्हटलं. त्याच्या घरात त्या काळाची दोन्ही बाजूंची माणसं होती. तो बाहेर चिंचेखाली जाऊन बसला, कुणीतरी चहा नेऊन दिला, कुणी काही विचारलं नाही. वीस मिनिटांनी आपणहून आत आला आणि पंचांसमोर बसला. खेळ संपल्यावर आम्ही तासभर नुसते बोलत बसलो. आता तो तासभर आम्ही वेळापत्रकातच धरतो आणि बायकांना शेवटची गाडी मिळेल असा खेळ आवरतो.

गटातल्या दोघांचं म्हणणं आहे की ऑडिशन घ्या, चांगलीच माणसं निवडा. घेतली असती तर मिरजेच्या बाई पहिल्याच फेरीत घरी गेल्या असत्या.

पुढचा खेळ दिवाळीनंतर. काकांना या वेळी मुका भालदार केलंय. सगळ्या वाड्यात खुनी बघितलेला तो एकटाच आहे. पात्र पाठवल्यावर अर्ध्या तासात त्यांचा फोन आला, "मुका आहे ते ठीक. पण मनातल्या मनात स्वगत चालेल ना?"