पाणाड्या बांधावर येतो, प्रबंध येत नाही

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला मागच्या महिन्यात आमच्या विद्यापीठ विभागातल्या एका मुलाची पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. इथे ती बंद खोलीत होत नाही. नातेवाईक, शेजारी, शाळासोबती, ज्याला वाटेल त्याने येऊन बसावं. झगे घातलेले परीक्षक आत येण्याआधी उमेदवाराला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, ती फक्त घरच्या माणसांसाठी. डच लोक त्याला ‘लेकनप्राट्ये’ म्हणतात, म्हणजे ज्यांना त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्याशी गप्पा.

या मुलाचा विषय होता पीटचे बांध. हॉलंडमध्ये कालव्यांचं पाणी अडवणारे काही बांध कुजलेल्या झाडपाल्यापासून बनलेल्या हलक्या मातीचे आहेत. २००३ च्या ऑगस्टमध्ये विल्निस गावातला असा एक बांध भर दुष्काळात सरकला आणि वस्तीत पाणी शिरलं. पावसाने बांध फुटला तर आपल्याला नवल वाटत नाही, पण पाऊस नसताना? पोराने टेबलावर दोन स्पंज ठेवले, एक पाण्याने थबथबलेला आणि एक वाळलेला. दोघांना एकाच बोटाने ढकललं. वाळका सर्रकन सरकला, ओला जागचा हलला नाही. पहिल्या रांगेतली त्याची आजी एवढ्या मोठ्याने ‘हां!’ म्हणाली की सगळे हसले. पुढे तासभर परीक्षकांनी त्याला इंग्रजीत धारेवर धरलं आणि आजीने डुलक्या काढल्या. मग दंडधारी बाई आत आल्या, दंड आपटून ‘होरा एस्ट’ म्हणाल्या, म्हणजे वेळ संपली, आणि पोरगं अर्ध्या वाक्यात थांबलं.

महाराष्ट्रात माझी तोंडी परीक्षा झाली त्याला आता वीस वर्षं होतील. कागदोपत्री तीही ‘खुली’च होती, नोटीस आदल्या दिवशी बोर्डावर लागली होती. आत मार्गदर्शक, बाहेरून आलेले परीक्षक, विभागातले चारजण, वेफर्स आणि सामोसे. आई खटावहून एसटीने आली होती. ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन दीड तास बसली. तिला आत बोलवावं हे कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, हे आधीच कबूल करते.

हे आठवायचं कारण आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर चाललेला वाद. केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आणली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिकं, ती ६,३०० सरकारी संस्थांत वाचायला मिळणार. एकजण म्हणतो, आता संशोधन सर्वांना खुलं झालं. दुसरा म्हणतो, कसलं खुलं, सगळं इंग्रजीत, आधी मराठी परिभाषा तयार करा, मराठी ज्ञानभाषा झाल्याशिवाय काही खरं नाही. दोघेही माझे चांगले मित्र आहेत आणि दोघांचंही मला पटत नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नियतकालिकं खुली झाली ती संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना. ते हवंच होतं, तालुक्याच्या सरकारी कॉलेजात शिकणाऱ्या पोरांचं त्याने भलंच होईल. पण शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, तर लाखो प्रबंध आजही कोणालाही फुकट वाचता येतात. किती शेतकऱ्यांनी, किती वकिलांनी, अहो, शेजारच्या विभागातल्या किती प्राध्यापकांनी त्यातला एखादा उघडलाय? दार उघडं ठेवणं वेगळं आणि ‘या, बसा’ म्हणणं वेगळं.

दुसऱ्याच्या मुद्द्यावर मी जास्त अडते, कारण तो मला वर्षानुवर्षं खरा वाटत होता. माझा प्रबंध बेसॉल्टमधल्या भूजलावर होता. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग या काळ्या दगडावर उभा आहे. तो वाळूसारखं पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत, म्हणून एका विहिरीला वैशाखातही पाणी आणि शंभर पावलांवरची फाल्गुनातच कोरडी. हे मराठीत लिहायला शब्द नाहीत असं मी सांगत फिरायचे. सर्वेक्षणात विहीर खणणाऱ्यांबरोबर उन्हात बसले तेव्हा कळलं की शब्द आहेत, फक्त विद्यापीठात नाहीत. छिद्रांत पांढरी खनिजं भरलेल्या ज्या दगडाचं नाव मी इंग्रजीत पाच अवयवांचं लिहीत होते, त्याला ते ‘मांजऱ्या’ म्हणतात. दोन थरांमधली लाल माती म्हणजे गेरू. मुरूम कुठे संपला आणि काळा पाषाण कुठे लागला, हे त्यांना पहारीच्या आवाजावरून समजतं. परिभाषा कोश करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पाणी साठवणाऱ्या खडकाच्या थराला ‘जलधर’ हा शब्द मला आवडतोही. पण अडलं शब्दापाशी नाही. आम्हाला कोणी कधी त्या माणसांसमोर उभंच केलं नाही.

आणि आपण उभे राहिलो नाही म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. तिथे पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो आणि नारळ उभा राहिला की ‘इथं मारा’ म्हणतो. पाणी लागलं तर त्याचं नाव होतं, नाही लागलं तर नशीब. आम्ही त्याला हसतो. पण तो बांधावर येतो, मालकाच्या भाषेत बोलतो, चहा घेतो, प्रश्नाला उत्तर देतो. माझ्या भावाने त्याच्या सांगण्यावरून दोन बोअर मारली, दोन्ही कोरडी गेली. त्याच वेळी माझा त्याच तालुक्यावरचा प्रबंध ग्रंथालयात काळ्या बांधणीत उभा होता.

हॉलंडचे गोडवे गायला मी बसलेले नाही. इथले निम्मे उमेदवार आमच्यासारखे परदेशी, त्यामुळे घरगुती पंधरा मिनिटंही पुष्कळदा इंग्रजीत होतात, आणि विद्यापीठांत इंग्रजी किती चालू द्यायची यावर इथेही जोरदार भांडण आहे. कोल्हापूरहून आलेल्या एका जोडप्याला मी त्यांच्याच मुलीचं भाषण कानात मराठीतून सांगितलंय. प्रबंध छापून वाटतात तेव्हा लोक आधी आभाराचं पान उघडतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. तरी बहुतेक प्रबंधांच्या शेवटी डच सारांश असतो. काही विद्यापीठांत प्रबंधाला विधानांचा एक कागदही जोडतात. त्यातली एक-दोन विधानं आपल्या विषयाबाहेरची असतात आणि त्यांचाही बचाव करावा लागतो. मातीच्या अभियंत्याला शिक्षणावर नाहीतर सायकलींवर बोलताना ऐकणं मजेशीर असतं. याच डेल्फ्टमधल्या सतराव्या शतकातल्या लेवेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. पाण्याच्या थेंबात दिसलेले जीव त्याने साध्या डच पत्रांतून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, आणि सोसायटीने भाषांतर करून घेतलं.

आपल्याकडे हे नवं आहे असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करतो. नारायणगावजवळ खोडदला विज्ञान दिनाला दुर्बिणी पाहायला शाळांची रीघ लागते. म्हणजे श्रोता आहे, वक्तेही होते. पण हे सगळं ज्याच्या-त्याच्या हौसेवर चालतं. बढतीच्या वेळी त्याला फारशी किंमत नाही, आणि ‘लोकप्रिय लिहितो’ हा विभागात आजही टोमणाच आहे.

माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक प्रबंधाला दोन पानांचा मराठी सारांश, आणि जिथून माहिती गोळा केली त्या गावात, बाजारपेठेत किंवा दवाखान्यात पंधरा मिनिटं. परीक्षकांपैकी एकाने तिथे बसावं. त्याशिवाय पदवी नाही.

स्पंजवाल्या पोराच्या परीक्षेनंतर मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि माझी राहिलेली पंधरा मिनिटं घेतली. बेसॉल्टला स्पंज चालत नाही, म्हणून तिला घराची दगडी भिंत दाखवायला सांगितली. म्हटलं, दगड पाणी पीत नाही, सांधे पितात. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली.

‘मंजी वरच्या आळीची बोअर आन् आपली हीर एकाच सांध्यातनं पितीया?’

‘बहुतेक हो.’

‘आन् हे तू त्या वक्ताला लिवलं व्हतंस?’

‘चौथ्या प्रकरणात,’ मी म्हटलं.