बसल्या जागी पाय मोडला

लोकांचे पाय कसे रुबाबात मोडतात. कोणी डोंगर उतरताना घसरतं, कोणी फुटबॉल खेळताना आपटतं, कोणाला गाडी धडक देऊन जाते. माझा मोडला सोफ्यावरून उठताना. एक पाय दुमडून त्यावर बसून निवांत मोबाईल बघत होते, पाय केव्हाच बधिर झालेला पण मला त्याचा पत्ता नाही, तेवढ्यात बेल वाजली. उठले, टाच अजून वरच होती आणि सगळं अंगाचं वजन पडलं पावलाच्या बाहेरच्या कडेवर. कट् असा आवाज आला. मला वाटलं सोफा गेला. तशीच भिंतीला धरत दारापर्यंत गेले तर बेल वाजवणारा म्हणतो, सॉरी, वरच्या मजल्यावर जायचं होतं.

पाय असा काही सुजला की घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळेना. नवरा म्हणाला मुरगळला असेल, बोटं हलतायत ना, मग काही नाही. हा एक फार लोकप्रिय गैरसमज आहे. मोडलेल्या पायाचीसुद्धा बोटं हलतात, कारण बोटं हलवणारे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या शाबूत असतात, हाड मोडलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. एक्स-रेत दिसलं ते असं, करंगळीच्या मागे जे लांब हाड असतं ना, पाचवं मेटाटार्सल, त्याच्या बुडाशी एक काळी रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी. माणसाच्या एका पावलात २६ हाडं असतात, दोन्ही मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी पाव हिस्सा हाडं नुसती पावलांतच आहेत. एवढ्या गर्दीत मोडायला एक मिळणारच.

डॉक्टर म्हणाले, "जोन्स फ्रॅक्चर. कसं झालं?"

इथून खरा छळ सुरू झाला. दुखणं काय, गोळी घेतली की तासाभरात कमी होतं. पण "कसं झालं?" याच्यावर गोळी नाही. डॉक्टरांनी विचारलं, एक्स-रेवाल्याने विचारलं, प्लास्टर घालणाऱ्या मुलाने विचारलं, लिफ्टमध्ये अनोळखी बाईंनी विचारलं. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आधी ती उत्सुकता असते, आता काहीतरी भयंकर ऐकायला मिळणार अशी, आणि मग मी "सोफ्यावरून" म्हटलं की ती उत्सुकता जी काही विझते ना. मला अपराधी वाटायचं अक्षरशः. आत्याचा फोन तर मी विसरणार नाही.

"अगं पण पडलीस कुठे?"

"पडले नाही आत्या, उठले."

"उठून पडलीस का?"

"नाही हो, नुसती उठले."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, "कॅल्शियम तपासून घे हो."

नवऱ्याने तर उत्तराचं पार संक्षिप्त रूप केलं होतं. कोणी विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "बसली होती." आणि समोरचा माणूस माझ्याकडे नखशिखांत बघायचा.

पडल्या पडल्या वाचायला वेळ भरपूर, म्हणून म्हटलं हा जोन्स कोण ते तरी बघू. तर हे सर रॉबर्ट जोन्स, ब्रिटिश सर्जन, हाडांच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. यांनी १९०२ मध्ये या फ्रॅक्चरवर लेख लिहिला आणि त्यात पहिला पेशंट कोण, तर स्वतः. आणि हाड कशाने मोडलं? नाचताना! गृहस्थ नाचत होते, टाच वर उचललेली, पाऊल वळलं आणि हाड गेलं. मग सहकाऱ्याकडून एक्स-रे काढून घेतला. त्या काळी एक्स-रे म्हणजे अगदी नवी नवलाई, राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात शोध लावला आणि डिसेंबरात बायकोच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट, म्हणजे जेमतेम सात वर्षांपूर्वीची गोष्ट. थोडक्यात काय, त्यांचं आणि माझं हाड एकच, मोडायची तऱ्हाही तीच, टाच वर आणि भार बाहेरच्या कडेवर. त्यांचं नाव फ्रॅक्चरला लागलं आणि मला कॅल्शियमच्या गोळ्या लागल्या.

प्लास्टरचं सांगते. आधी कच्चं घालतात, सुजेला जागा राहावी म्हणून, मग पक्कं. ओल्या पट्ट्या गुंडाळताना पाय गरम व्हायला लागला तशी मी दचकले, तर तो मुलगा म्हणाला, घाबरू नका, ते गरम होतंच. खरंच होतं. जिप्सम भाजून त्यातलं पाणी काढलेलं असतं, ते परत पाणी पिऊन घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं. मॅथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५२ च्या सुमारास या पट्ट्या काढल्या. सैनिकांसाठी. युद्धात पाय मोडलेल्या सैनिकांसाठी निघालेली वस्तू आपल्याला सोफ्यामुळे लागावी, असो.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं, पायावर अजिबात वजन टाकायचं नाही, या जागेला रक्तपुरवठा कमी असतो, जुळायला वेळ लागतो, नाहीतर स्क्रू घालावा लागेल. स्क्रू हा शब्द ऐकल्यावर मी इतकी आज्ञाधारक झाले की घरच्यांना संशय आला. पाय उशांवर, तोही नुसता वर नाही, छातीपेक्षा वर, म्हणजे सूज उतरते. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टरच्या आत असह्य ठणका लागला तर वाट न बघता लगेच यायचं, हेही सांगितलं होतं, आणि मी रोज रात्री टॉर्च लावून बोटांचा रंग बघायचे. प्रत्येक बोट मला थोडं निळं वाटायचं.

कुबड्यांबद्दल माझं मत आधी फार चांगलं होतं. सिनेमात लोक काय सहज चालतात. प्रत्यक्षात काखेत टेकवायच्याच नसतात, काखेतल्या नसा दबतात, दोन-तीन बोटांचं अंतर ठेवून सगळा भार हातांवर घ्यायचा, म्हणजे पाय मोडला आणि दुखतायत तळहात. त्यात दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले, त्यामुळे पाण्याचा साधा ग्लास या खोलीतून त्या खोलीत नेता येत नाही. मी गळ्यात एक पिशवी अडकवली, त्यात बाटली, मोबाईल, चष्मा, गोळ्या. मुलगी म्हणाली, आई तू पोस्टमन दिसतेस. नंतर कॉम्प्युटरची चाकांची खुर्ची सापडली आणि आयुष्य बदललं, एका पायाने ढकलत घरभर फिरायचं, फक्त उंबरठा आला की खुर्ची थांबते आणि आपण थांबत नाही.

जिन्याचा एक नियम मात्र पाठ करून ठेवा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सोपं वाटतं ना? जिन्याच्या टोकाला एका पायावर उभं राहून आठवून बघा. मी सरळ बसून उतरायचे, एकेक पायरी, मागून कुबड्या घेऊन नवरा. बसण्यातच माझं कौशल्य आहे असं त्याचं म्हणणं.

आणि खाज. त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही, पण ती येते, आणि येते ती नेमकी प्लास्टरच्या मध्यावर, जिथे वरूनही हात पोचत नाही आणि खालूनही. सासूबाईंनी विणायची सुई आणून दिली, प्रेमानेच, पण ती परत करावी लागली, आत खरचटलं तर जखम चिघळते आणि वरून काही दिसतही नाही. हेअर ड्रायरचा गार वारा सोडला की जरा बरं वाटतं. गारच हं, गरम नाही. नाहीतर मग शेजारच्या जागी प्लास्टरवर टकटक करत बसायचं, त्याने काही होत नाही पण आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

मध्ये पुन्हा एक्स-रे झाला तेव्हा माझा अगदी विरस झाला. ती काळी रेघ जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणतात छान चाललंय. म्हटलं काय छान? तर म्हणे आधी तिथे रक्ताची गुठळी होते, मग कूर्चेचा मऊ पूल तयार होतो, तो एक्स-रेत दिसतच नाही, त्यात कॅल्शियम भरलं की दिसायला लागतो. गवंडी कसा आधी जास्तीचा माल थापतो आणि मग घासून सारखा करतो, तसं शरीर त्या जागी आधी गाठ उभी करतं आणि नंतर सावकाश तासत बसतं, ते काम कित्येक महिने, कधी वर्षांवर चालतं. म्हणजे मी पलंगावरून शेळ्या हाकत असताना आत साइटवर जोरात काम चालू होतं आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

प्लास्टर कापायचं मशीन बघून मी डोळे मिटले. आवाज असा की पायही जाणार. पण ते पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, कडक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते म्हणून कापली जात नाही. तरी मी ओरडले. आणि मग तो पाय बाहेर आला. हा माझा नव्हता. पोटरी गायब, कातडीचे पापुद्रे, केस हे एवढाले, आणि वास, जाऊ दे. मुलीने फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला.

आता फिजिओथेरपी. घोटा इतका आखडला होता की पाऊल नुसतं वर-खाली करायलासुद्धा विनवण्या कराव्या लागत. फिजिओ मुलगी म्हणाली, पायाच्या अंगठ्याने हवेत एबीसीडी काढा. मी म्हटलं मराठीत काढते. ट, ठ सहज जमले, ळ ला घोटा कुरकुरला आणि क्ष ला मी शेजारच्या खुर्चीला लाथ मारली.

त्या खोलीत सगळे आपापले हात-पाय घेऊन बसलेले असतात आणि तिथे एक अघोषित उतरंड असते. कबड्डीत गुडघा गेलेला मुलगा वरच्या पायरीवर. त्याच्याही वर एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कारण नातवाचा बॉल काढायला पत्र्यावर चढल्या होत्या. सगळी खोली त्यांच्याकडे आदराने बघायची. त्यांनी एक दिवस मला विचारलंच, "आणि तुझं काय गं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कबड्डीवाल्याचीसुद्धा.

"नाचताना," मी म्हटलं.

"अगं बाई! या वयात?" आजी खूष झाल्या. सर रॉबर्ट जोन्स यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि टाच कशी वर होती, पाऊल कसं वळलं, सगळं साग्रसंगीत सांगितलं. पहिल्यांदाच कोणी कॅल्शियमचं नाव काढलं नाही.

फिजिओ मुलगी मागे उभी राहून ऐकत होती. "मॅडम, आधी नाही का सांगायचं! मी तुम्हाला साधे घरगुती व्यायाम देत होते. डान्सरचा प्रोग्राम वेगळा असतो."

आता रोज एका पायावर तोल सांभाळायचा, मग टाचा उचलायच्या, मग उड्या. आजी व्यायाम संपला तरी घरी जात नाहीत, समोर खुर्ची टाकून टाळ्यांनी ताल धरतात.