मामी, खिळे मारू दे आणि खिडक्या बंद ठेव

गेल्या आठवड्यात केरीहून मामीचा फोन आला. पेडण्यातलं केरी, समुद्राला लागून. घराच्या समुद्राकडच्या पाख्यावरची, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावरची, जुनी मंगळुरी कौलं उतरवून सिमेंटची कौलं चढवायचं काम तिथं चालू होतं. मामी म्हणाली, "अरे, सुताराला मी थांबवलंय. खिळे मारू नको म्हटलं. मोबाईलवर आलंय, खिळा मारला की कौल गळतं."

मृग तोंडावर, अर्धं छप्पर उघडं आणि काम बंद. कशानं, तर एका फॉरवर्डनं. मी तो मेसेज मागवून घेतला. तोवर तो आमच्या नातेवाइकांच्या दोन ग्रुपांत आणि भजनी मंडळाच्या ग्रुपातही येऊन गेला होता. त्यात म्हटलंय ते असं: सिमेंटचं कौल इतकं जड असतं की वादळातही हलत नाही. खिळ्याच्या भोकातून गळती होते. आढ्यावर सिमेंट थापलं की सगळं छप्पर धरून राहतं. रिपा, म्हणजे कौलं ज्यांना अडकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, लांब लांब मारल्या तर कौलं कमी लागतात. आणि वादळ आलं की समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी टाका, वारा आरपार जातो, छप्पर उडत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी पैसे जातील, यानं माणूस जाईल.

वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी उघडली की वारा आत घुसतो. तो जितक्या जोरानं घुसतो तितक्या सहज मागच्या दारातून निघून जात नाही. घर आतून फुगतं आणि छपराला खालून वर रेटतं. त्याच वेळी पाख्यावरून वाहणारा वारा कौलांना वरून ओढत असतो. खालून रेटा, वरून ओढ. उघड्या खिडकीनं छपराचा ताण कमी होत नाही, खालचा रेटा वाढून उलट वाढतो.

हे मी मनाचं सांगत नाही. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग ३. इमारतीचा हिशेब करणारा प्रत्येक इंजिनिअर ते वापरतो. भिंतीतली उघडी जागा भिंतीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक, म्हणजे वाऱ्याच्या दाबाचा आत बसणारा हिस्सा, ०.२ धरा, ५ ते २० टक्के असेल तर ०.५ आणि त्याहून जास्त असेल तर ०.७, असं त्यात सांगितलंय. म्हणजे बंद घर आणि सताड उघडं घर यांत साडेतीन पटींचा फरक.

आता आकडे घालून बघा. त्याच मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो भरतो. बंद घरात त्यातला १९ किलोच्या आसपास रेटा छपराला खालून बसतो. दारं-खिडक्या उघडल्या की तोच ६५ किलो. सिमेंटचं एक कौल साधारण साडेचार किलोचं, चौरस मीटरला दहा बसतात, म्हणजे ४५ किलो. वरची ओढ अजून मोजलीच नाही, नुसत्या आतल्या रेट्यानंच कौलांचं वजन संपलं! माडांच्या आडोशाला दडलेल्या बुटक्या घराला वारा एवढा लागत नाही, मान्य. पण मामीच्या ओसरीसमोर वाळू आहे आणि वाळूपुढे पाणी.

खिडक्या उघडायची ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत चक्रीवाताच्या (टॉर्नेडोच्या) वेळी लोकांना पूर्वी हेच सांगत, कारण बाहेरचा दाब एकदम उतरला की घर फुटतं असं मानलं जायचं. आता तिथलं हवामान खातंच सांगतं की खिडक्या उघडत बसू नका. आपल्याकडे मात्र तो सल्ला नव्यानं फिरतोय. आणि वादळात खिडकीजवळ उभं कोण राहणार? मामी. वय ६८, घरात एकटी.

आता वजनाचा मुद्दा. मी रविवारी केरीला गेलो आणि शिडी लावून वर चढलो. वळचणीच्या पहिल्या रांगेत दोन बिनखिळ्याची कौलं बसवलेली होती. कौलाच्या डोक्याकडे, म्हणजे आढ्याकडच्या टोकाला, खालच्या अंगाला नाक असतं, ते रिपेला अडकतं. शेपटीकडची बाजू नुसती टेकलेली असते. मामीचा काजूच्या बिया तोलायचा स्प्रिंगचा काटा मी वर मागून घेतला, त्याचा हूक शेपटीखाली घातला आणि हळूच ओढला. सव्वादोन किलोच्या आसपास काटा पोचला आणि कौलानं तोंड उघडलं. साडेचार किलोचं कौल उचलायला साडेचार किलोचा जोर लागतच नाही, कारण ते पेटीच्या झाकणासारखं डोक्याकडे फिरतं. वारा कौल उचलत नाही, उघडतो. एकदा फट पडली की खालून शिरलेला वारा पुढचं काम करतो. शिवाय वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे दर पावसाळ्यात टिकलेलं छप्पर एखाद्या वर्षीच्या वादळात टिकेलच असं नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून वर गेलं. त्याचा डोळा गोव्यात जमिनीवर आला नव्हता, तरी छपरांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

सुतारानं काटा बघितला आणि काही न बोलता खिळ्यांची पिशवी पुन्हा कमरेला बांधली.

मेसेजमधलं एक अर्धसत्य मात्र मान्य करायला हवं. त्यातला फोटो नीट पाहिला तर ते घर उतरत्या स्लॅबचं आहे. खाली सलग काँक्रीट आणि वर शोभेला कौलं. तिथं घरातला दाब कौलांपर्यंत पोचत नाही, आणि अशा छपराच्या मधल्या भागात जड कौल नुसत्या वजनावर पुष्कळ तग धरतं. पण तिथंही कडा आणि कोपरे बांधावेच लागतात. आणि मामीचं छप्पर वासे-रिपांचं आहे, खालून बघितलं तर कौलांच्या फटींतून उजेड दिसतो. स्लॅबवरचा फोटो दाखवून वाशांवरच्या छपराला सल्ला द्यायचा, ही या मेसेजची खरी खोट आहे.

"आमच्या आजोबांच्या घराला कुठं होते खिळे?" असंही कोणी म्हणेल. नव्हते. पण ती घरं चौपाखी होती, उतार उभा होता, भोवती माड-फणस होते आणि दरवर्षी शाकारणीला प्रत्येक कौल हातातून जायचं. चारही बाजूंनी उतरणारं छप्पर वाऱ्याला चांगलं तोंड देतं. आजचं दोनपाखी, कमी उताराचं, बाहेर लांब काढलेल्या वळचणीचं छप्पर तसं देत नाही.

गळतीचं म्हणणं तर कौल हातात न घेताच लिहिलंय. खिळ्याचं भोक कौलाच्या डोक्याशी असतं आणि त्यावर वरच्या रांगेतलं कौल येतं. पाणी तिथवर जातच नाही. खिळा ठोकून ठोकून आवळला तर कौल तडकतं, हे खरं. म्हणून डोकं किंचित मोकळं ठेवायचं. खाऱ्या हवेत साधा लोखंडी खिळा गंजून जातो, तिथं स्टेनलेस स्टीलचाच घ्यायचा. आणि खिळा डोकं धरतो, शेपटी नाही. त्यामुळे वळचणीच्या रांगेला आणि दोन्ही कडांना शेपटी धरणारी क्लिपही हवी. ओसरीवर तर हवीच, तिथं वारा खालून थेट आदळतो.

आढ्यावरचं सिमेंट: लाकूड उन्हापावसात फुगतं-आकसतं, सिमेंट तसं करत नाही, त्याला तडे जातात. मग आढ्यावरची कोनाची कौलं आधी जातात आणि तिथून खालची रांग उघडी पडते. ब्रिटनमध्ये सिमेंटची कौलं सर्रास असतात. तिथल्या बीएस ५५३४ या मानकानं २०१४ पासून आढ्याला नुसतं सिमेंट पुरेसं धरलेलं नाही, स्क्रू किंवा क्लिपनं धरायलाच सांगितलंय.

रिपा लांब मारल्या तर कौलावर कौल येतं ते कमी होतं. तीन इंच तरी यायलाच हवं, कमी उताराला त्याहून जास्त. दहा-वीस कौलांचे पैसे वाचवायला जावं तर पाणी आत येतं आणि वासे कुजायला लागतात.

समुद्राकडचं पाखं बुधवारी पुरं झालं. खिडक्या लावून बघितल्या तर ओसरीजवळच्या मोठ्या खिडकीला अडसरच नव्हता, किती वर्षांपासून कोण जाणे, ती सुतळीनं बांधलेली होती. सुतारानं उरलेल्या रिपेचा तुकडा कापून, रंधून तिला नवा अडसर करून दिला.